कुणावर गेला?

आमच्या नातवाच्या बारशाला त्याचं नाव ठेवायला दुपारचा एक वाजला, पण त्याचं नाक कुणाचं हे सकाळी साडेदहालाच ठरून गेलं होतं. विहीणबाई दारात आल्या, चपला काढता काढता त्यांनी पाळण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘नाक अगदी आमच्या ह्यांचं हो!’

बाळ बारा दिवसांचं. बारा दिवसांच्या बाळाला नाक असतं हे मला मान्य आहे. पण ते कुणाचं हे सांगता येण्याइतकं असतं का, याबद्दल मी जरा साशंक आहे. सातपूरच्या एमआयडीसीत मी चौतीस वर्षं क्वालिटीत काढली. मायक्रोमीटर लावल्याशिवाय साधी पिन पास केली नाही. आणि इथे माझ्याच घरात, पाच फुटांवरून, नुसत्या नजरेने नाकं पास होत होती. पाठोपाठ आमच्या थोरल्या आत्यांनी कपाळ आपल्या बाजूला ओढलं, जावयाच्या मावशीने हनुवटी घेतली, आणि तासाभरात मुलाच्या अंगावर त्याचं स्वतःचं म्हणून फक्त दुपटं उरलं.

मराठीत मूल नुसतं कुणासारखं असत नाही, ते कुणावर तरी जातं. बापावर, आजीवर, मामावर. आणि कुठे जायचं याचे नियमही ठरलेले आहेत. शांत झोपलं की आपल्यावर गेलेलं असतं, रात्री दोनला किंचाळलं की त्यांच्यावर. ‘आमच्याकडे असं कुणी नव्हतं बाई’ हे वाक्य आमच्या सातपूर कॉलनीत बाळाच्या पहिल्या उचकीपासून ते त्याच्या बारावीच्या निकालापर्यंत कधीही ऐकू येतं.

त्या दिवशी या सगळ्यावर कडी केली माझ्या पुतणीने. ती नववीत आहे. तिला शाळेतून प्रकल्प मिळाला होता: आपल्या कुटुंबातील आनुवंशिक गुणांची नोंद करा. एवढं कुटुंब आयतं एका जागी सापडल्यावर ती सोडते कसली? वही, पट्टी आणि पेन घेऊन ती पंगतीत फिरू लागली. कानाची पाळी सुटी की गालाला चिकटलेली? जिभेच्या कडा वर वळून नळी होते का? रक्तगट कोणता?

तर अर्धा तास आमच्या हॉलमध्ये साठ-सत्तरीची माणसं एकमेकांना जीभ काढून दाखवत होती. व्याही गंभीर माणूस, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची नळी झकास झाली आणि ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मोकळं हसले. माझी होईना. आत्या म्हणाल्या, ‘आपल्या घराण्यात जीभ सरळच असते रे नाना.’ आत्यांच्या जिभेबद्दल हे विधान पंगतीतल्या कुणालाच पटलं नाही, पण सगळे जिलबीकडे बघत राहिले.

खरं तर ही जिभेची गोष्ट विज्ञानानेच मागे घेतलेली आहे. अमेरिकेत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा मोठा शास्त्रज्ञ होता. फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा १९१३ साली त्याने काढला. त्याने १९४० मध्ये लिहून ठेवलं की जिभेची नळी होणं हा आईबापांकडून येणारा सरळ साधा गुण आहे. पुढे कुणीतरी एकसारखी दिसणारी जुळी भावंडं तपासली, तर काही जोड्यांत एकाची नळी होते आणि दुसऱ्याची नाही! जनुकं तीच, जीभ वेगळी. पुढे स्टर्टेव्हंटनेच ते मान्य केलं. पण पुस्तकांतून हा गुण जाता जात नाही. कानाच्या पाळीचंही तेच. सुटी आणि चिकटलेली यांच्यामध्ये इतक्या तऱ्हा आहेत की गो-नोगो गेज लावून निकाल देता येत नाही. हे मी पुतणीला सांगितलं. ती म्हणाली, ‘नाना, परीक्षेत हे लिहिलं तर मार्क जातील.’ मी गप्प बसलो. मार्कांपुढे स्टर्टेव्हंट काय करणार?

तिच्या वहीत पहिल्याच पानावर मेंडेलचं चित्र होतं. गोल चष्मा, गळ्यात क्रॉस. हा साधू मला फार जवळचा वाटतो. एक म्हणजे शिक्षकाच्या परीक्षेला दोनदा बसूनही त्याला प्रमाणपत्र मिळालं नाही. आणि दुसरं म्हणजे तो मोजत बसला. ब्रनो गावातल्या मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं त्याने वाटाणे लावले. गोल दाण्याच्या झाडाचा सुरकुतल्या दाण्याच्या झाडाशी संकर केला, तर पहिल्या पिढीत झाडून सगळे दाणे गोल. सुरकुती गायब. दुसरा कुणी असता तर ‘गेली एकदाची’ म्हणून मोकळा झाला असता. त्याने ते गोल दाणे पुन्हा पेरले आणि आलेले सगळे मोजले: ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. एकूण ७३२४ दाणे, एकेक हातात घेऊन. आमच्या खात्यात असा माणूस असता तर त्याला तीन वर्षांत सुपरवायझर केलं असतं, नाहीतर वेड्यात काढलं असतं. भागाकार करा, तीनास जवळजवळ एक. वाटाण्याचा रंग घ्या, फुलाचा घ्या, झाडाची उंची घ्या, सात गुण तपासले आणि सातही वेळा तीनास एक. पळसाला पानं तीनच, तसं.

यातून त्याने जे ओळखलं ते आम्हा नाशिककरांना मिसळीवरून लगेच कळावं. आधी लोकांची समजूत अशी की आईबापांचे गुण चहा-दुधासारखे मिसळतात. एकदा चहात दूध पडलं की पुन्हा वेगळं निघत नाही. मेंडेल म्हणाला, तसं नाही, ही मिसळ आहे. वर कितीही तर्री ओता, मटकी मटकीच राहते आणि फरसाण फरसाणच. वरून दिसो न दिसो, तळाला जे आहे ते शाबूत असतं आणि पुढच्या पिढीच्या ताटलीत जसंच्या तसं वाढलं जातं. प्रत्येक गुणाचे दोन दाणे, एक आईकडचा, एक बापाकडचा. जो दिसतो तो प्रभावी. जो दबून राहतो तो अप्रभावी. आणि अप्रभावीला अप्रभावी भेटला, की आजीची सुरकुती नातवात हजर.

बरं, त्या सुरकुतलेल्याला कमी लेखायचं कारण नाही. त्याच्यात साखरेचं पिष्ट करणारं एक विकर बिघडलेलं असतं, म्हणून दाण्यात साखर जास्त उरते, पाणी जास्त धरलं जातं आणि वाळला की तो आक्रसतो. बिघाड नेमका कुठे, हे १९९० मध्ये कळलं. थंडीत आपण पुलावात घालतो ते गोड मटार बहुतेक या जातीचे. रगड्याचे टणक पांढरे वाटाणे ते गोल खानदानातले. म्हणजे ज्याला वाकडं नाव ठेवलं तोच गोड निघाला.

मेंडेलने हे सगळं १८६५ साली गावच्या विज्ञानमंडळात वाचून दाखवलं, १८६६ साली छापलं, आणि मग काय झालं? काही नाही. तो १८८४ मध्ये वारला. १९०० साली तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन शास्त्रज्ञांना तो जुना निबंध सापडला तेव्हा जग जागं झालं. छापून चौतीस वर्षं! माझी अख्खी नोकरी तेवढी झाली. आमच्या खात्यातही काही सूचनापत्रं इतकाच काळ पेटीत पडून होती, पण त्यांतून एकही शास्त्र निघालं नाही.

आता रक्तगटाकडे येतो, कारण बारशाचा खरा प्रसंग तिथे घडला.

पुतणीने रकाना भरत आणला. माझ्या गळ्यात एके काळी लटकणारं कंपनीचं जुनं कार्ड तिला कपाटातून काढून दिलं होतं. त्यावर स्पष्ट लिहिलेलं: ओ. आमची ही: ओ. मग तिने बाळाच्या आईला, म्हणजे माझ्या लेकीला विचारलं. ती पाळणा हलवत सहज म्हणाली, ‘बी पॉझिटिव्ह.’

पुतणीने पेन थांबवलं. वहीची मागची पानं उलटली. आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘नाना ओ, काकू ओ, आणि ताई बी? असं होतच नाही!’

वाढपी थांबला. विहीणबाईंचा घास हातात. आत्यांनी चष्मा लावला, जणू उत्तर भिंतीवर लिहिलेलं आहे. पंख्याचा कुईं कुईं आवाज इतका मोठा असतो हे मला त्या दिवशी समजलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी हिच्याकडे अनेक तऱ्हांनी पाहिलं आहे आणि हिने माझ्याकडे. पण त्या क्षणी हिने ज्या नजरेने पाहिलं ती नजर संशयाची नव्हती. घरातली एखादी गोष्ट मी बिघडवली आहे आणि ती कोणती हे आता कळेल, अशी ती नजर होती.

मी घसा साफ केला आणि मुंबई रक्तगटाची गोष्ट काढली. मला ती ठाऊक होती, वाचनालयात बसायची सवय अशी कधीतरी कामी येते. १९५२ साली परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण सापडले ज्यांचं रक्त तपासणीत ओ दिसे, पण ओ रक्तही त्यांना चालत नसे. ‘लॅन्सेट’ नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या पुस्तकांत ‘बॉम्बे’ हे नाव गेलं. शहराचं नाव पुढे बदललं, पण रक्ताचं तेच राहिलं.

त्याचं गणित मी व्याह्यांना लेथवर समजावलं. तांबड्या पेशीवर एच नावाचा एक पदार्थ असतो. ए किंवा बी त्या एचवर चढवलेले असतात. एच म्हणजे लेथचा चक. चकच नसेल तर ए चा जॉब धरणार कुठे आणि बी चा धरणार कुठे? बाहेरून बघणारा म्हणणार, इथे काहीच नाही, म्हणजे ओ. पण बी चं ड्रॉइंग फाइलला असतं! ते ड्रॉइंग पोराकडे जातं, पोराला दुसऱ्या पालकाकडून चक मिळतो, आणि झाला बी तयार. असा चक नसलेला माणूस व्हायला आई आणि बाप दोघांकडून बिघडलेला दाणा यावा लागतो. एकाकडून आला तर कळतही नाही. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक माणूस असा असतो, युरोपात दहा लाखांत एक. अशाला रक्त लागलं तर फक्त त्याच गटाचं चालतं. नेहमीच्या ओ रक्तात तर एच ठासून भरलेला असतो, तो त्याच्या शरीराला परका.

‘म्हणजे तुम्ही दहा हजारांत एक?’ व्याही आदराने म्हणाले. मी नम्रपणे मान खाली घातली. पंगत पुन्हा सुरू झाली, आणि कुणीतरी मला आग्रहाने तिसरी जिलबी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुपचूप लॅबमध्ये जाऊन बोट पुढे केलं. संध्याकाळी कागद आला. बी पॉझिटिव्ह. शंभर टक्के सरकारी, साधा, घरोघरी मिळणारा बी. नोकरीला लागताना आमच्या बॅचचे फॉर्म कुणी भरले होते देव जाणे. वरच्या ओळीतला गट खालच्या चार जणांना ओढलेला असणार. एवढी वर्षं मी चुकीचं रक्त गळ्यात घालून फिरत होतो. ही म्हणाली, ‘दुसऱ्यांची रिजेक्शन काढत बसलात जन्मभर, स्वतःचं कार्ड एकदा तपासायचं ना.’ व्याह्यांना मी अजून कळवलेलं नाही. काही गोष्टी अप्रभावी राहिलेल्या बऱ्या.

आत्यांचं मत पडलं की या असल्या वह्या हव्यात कशाला, त्र्यंबकला गुरुजींच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे. आमच्या दारावरून जाणारा रस्ता तिकडेच जातो. लोक लांबलांबून येऊन आपली नामावळी तिथे बघतात, खापरपणजोबांचं नाव आणि हस्ताक्षर सापडलं की डोळ्यांत पाणी येतं. मीही पाहिली आहे आमची. पण तिथे बसल्या बसल्या माझा हिशेबी स्वभाव जागा झाला. आईबाप दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या मागे आठ. असं दुप्पट करत दहा पिढ्या मागे गेलं की १०२४ पूर्वज होतात. आडनाव त्यांतल्या एकाचं लागलं. उरलेले १०२३ कुठल्या वहीत? त्यांचं नाक आलं असेल, मधुमेह आला असेल, तिखट खायची हौस आली असेल. घराणं घराणं म्हणून आपण जे छाती फुगवून सांगतो ती त्या मोठ्या पंगतीतली एक पत्रावळ.

या १०२३ जणांत माझा मामा बसत नाही, पण माझ्यावर सर्वांत जास्त हक्क त्याचा. मला व्हायचं होतं इलेक्ट्रिशियन. आयटीआय झालं, ॲप्रेंटिसशिपसाठी एका कारखान्यात वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली काढलेलं ते. ‘आकडा वाच.’ मी वाचला, एकवीस. डॉक्टरांनी पान पुन्हा दाखवलं. पुन्हा एकवीस. ते म्हणाले, ‘बाळा, तिथे चौऱ्याहत्तर आहे.’ लाल-हिरव्यात घोटाळा असलेल्या माणसाला त्या पानावर एकवीसच दिसतो. फेजची लाल तार आणि अर्थिंगची हिरवी ज्याला सारखी, त्याच्या हाती फ्यूजपेटी कोण देईल? मला टर्नरकडे पाठवलं, तिथून क्वालिटीत. मापाला रंग नसतो.

घरी येऊन सांगितलं तर आई हसायला लागली. मामा म्हणे लहानपणी पिकलेल्या मिरच्या आणि हिरव्या मिरच्या एकाच टोपलीत टाकायचा आणि मार खायचा. ‘मामावर गेलास!’ आणि ते शब्दशः खरं होतं. पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एकच, आणि ते आईकडूनच येतं. बाईकडे दोन, म्हणून एक बिघडलेलं असलं तरी दुसरं काम चालवून नेतं. माझ्या आईला सगळे रंग स्वच्छ दिसायचे. तिच्या भावाचं ते एकवीस तिने न कळत माझ्यापर्यंत आणून पोचवलं. माझा मुलगा मात्र आज अंबडला इलेक्ट्रिशियन आहे. त्याला मी वाय दिला, एक्स त्याने आईचा घेतला. लेकीला मात्र माझा तो एक्स द्यावाच लागला, माझ्याकडे दुसरा होताच कुठे? तिला सगळं नीट दिसतं. पण पाळण्यात आहे त्याच्याकडे तो आला असण्याची शक्यता निम्मी. कळेल अजून तीन-चार वर्षांनी, खडू हातात आल्यावर. विहीणबाईंना नाक हवं असेल तर खुशाल घेऊ द्या. माझं कुठे काय लपलंय ते मला माहीत आहे.

जाताना विहीणबाई लेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘पहिल्यांदाच मुलगा दिलास हो, नाव काढलंस.’ हेतू प्रेमाचाच. पण माझ्यातला इन्स्पेक्टर गप्प बसेना. मी म्हटलं, श्रेय जावईबापूंचं. बाईकडे द्यायला एक्सशिवाय काही नसतंच, वाय येतो बापाकडून. नेटी स्टीव्हन्स नावाच्या बाईने पिठात होणाऱ्या किड्यांवरून १९०५ सालीच हे दाखवलं होतं. किती सुनांनी कितीदा ऐकून घेतलं, आणि ऐकवणाऱ्यांच्या डब्यातल्या किड्यांना उत्तर माहीत होतं! जावईबापू लाजले. विहीणबाई म्हणाल्या, ‘असेल बाई,’ आणि रिक्षात बसल्या.

आम्ही पपया नर्सरीच्या चौकाजवळ राहणारी माणसं. पत्ता सांगताना आयुष्यभर पपईचं नाव घेतलं, पण मागच्या अंगणात पपई काही धरली नाही. दोन वर्षांपूर्वी घरच्याच बियांतून एक रोप वाढवलं, पाणी घातलं, दहा फूट झालं, आणि मग त्याला लांबलचक लोंबत्या देठांवर फुलांचे झुपके आले. नर निघालं. पपईतही हा नर-मादीचा खेळ गुणसूत्रांवर चालतो आणि फूल येईपर्यंत रोपाकडे बघून तज्ज्ञालाही सांगता येत नाही. म्हणून जाणते लोक एका खड्ड्यात तीन रोपं लावतात. मादीचं फूल खोडाला चिकटून येतं, ते दिसलं की ते झाड ठेवतात आणि जास्तीचे नर उपटतात. शेजारच्या वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. नराच्या खोडात लोखंडी खिळा ठोकायचा, की तो मुकाट्याने फळं देतो. मी ठोकला नाही, झाड काढून टाकलं.

बारशाच्या आठवड्यात मी नवा खड्डा केला आणि तीन रोपं लावली. आता गुडघ्याएवढी झाली आहेत. तिन्ही अगदी सारखी दिसतात. आत्यांनी परवा पाहून सांगितलं की मधलं मादी आहे, चेहऱ्यावरूनच कळतं. वहिनींनी खिळा आणून खिडकीत ठेवला आहे.